आधी सांगा, मग विचारा : ऑनलाइन पदवीच्या प्रवेशपानाची घडण

तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातील गोष्ट. माझी भाची तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून आहे. बी.कॉम. होऊन तिला चार वर्षे झाली होती आणि शाखाधिकारी व्हायचे तर एमबीए करून घे, असे वरिष्ठांनी तिला सुचवले होते. नोकरी सोडून शिकणे शक्य नव्हते. एका रविवारी ती माझ्याकडे आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "मामा, ह्यात फी किती आहे ते कुठे लिहिलंय बघा ना. मला सापडत नाही."

मी चष्मा लावून ते पान वरपासून खालपर्यंत वाचले. एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीचे ते प्रवेशपान होते. वर पदवीदानाचा झगा घातलेली हसरी मुलगी. तिच्या शेजारी पाच रकाने : नाव, ईमेल, मोबाइल, राज्य, अभ्यासक्रम. त्याखाली मोठे केशरी बटण. आणखी खाली कंपन्यांच्या बोधचिन्हांच्या दोन रांगा, प्रवेश बंद व्हायला किती तास उरले ते सांगणारे उलटे घड्याळ आणि तीन माजी विद्यार्थ्यांचे अभिप्राय. फी कुठेही नव्हती. विषय कोणते, परीक्षा कुठे आणि कशी, पुस्तके कोणत्या भाषेत, प्रवेश घेणाऱ्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचतात, यांपैकीही काही नव्हते. 'माहितीपत्रक मिळवा' असे एक बटण होते. ते दाबले की पुन्हा तेच पाच रकाने पुढे येत. शेवटी तिने ते भरले. मिनिटभरात फोन वाजला.

माझे आयुष्य छापखान्यात गेले. सुरुवातीला खिळे जुळवले, पुढे संगणक आला तेव्हा डीटीपी शिकलो. शाळा-कॉलेजचे शिक्षण बारावीपर्यंतच. बाकीचे जे काही आहे ते जुळवलेल्या आणि वाचलेल्या मजकुरातून आलेले. महाविद्यालयांची माहितीपत्रके हे आमच्या छापखान्याचे मे महिन्यातील हमखास काम. त्यामुळे ते पान पाहताना मला आधी खटकली ती त्याची मांडणी. मजकूर वाईट होता असे नाही. तो उलटा लावला होता. आमच्या माहितीपत्रकात जे शेवटच्या पानावर असे, ते इथे पहिल्या ओळीत होते. बाकीचे सगळे गायब होते.

ऑनलाइन पदवीसाठी विद्यार्थी मिळवणारे पान कसे असावे, हा प्रश्न वरवर पाहता संगणकवाल्यांचा वाटतो. रंग कोणता, बटण केवढे, छायाचित्र कुणाचे. गेली तीन वर्षे ह्या विषयावर जे मिळेल ते वाचल्यानंतर मला तो मुख्यतः क्रमाचा प्रश्न वाटतो. विद्यापीठाने आधी सांगायचे की आधी विचारायचे? आणि हा क्रम ठरवतो कोण?

दोन पूर्वज

प्रवेशपानाचे दोन पूर्वज आहेत : माहितीपत्रक आणि कुपन.

माहितीपत्रकाची घडण वाचकांना ठाऊक आहे. मुखपृष्ठावर इमारत, आत प्राचार्यांचे मनोगत, मग पात्रता, विषयांचे गट, अध्यापकांची यादी, फीचा तक्ता, वसतिगृहाचे नियम. प्रवेश अर्ज अगदी शेवटी, फाडून घेता येईल असा. ह्या क्रमामागे एक गृहीत होते : माणूस आधी वाचेल, घरी विचारेल, मग अर्ज फाडेल. फीचा तक्ता ही त्यातली सर्वांत जोखमीची जागा. एका वर्षी आमच्याकडून प्रयोगशाळा शुल्काचा एक आकडा चुकला आणि तीन हजार प्रतींवर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवत आम्ही रात्र काढली. चुकीचा आकडा छापून गेला तर संस्था त्याला बांधली जाते, ही जाणीव सर्वांना होती.

कुपनाचा इतिहास मात्र मला पुस्तकांतून शोधावा लागला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रँटन गावी थॉमस फॉस्टर हा गृहस्थ कोळसा खाणींच्या व्यवसायाचे एक नियतकालिक चालवत असे. खाणीत मुकादम किंवा निरीक्षक व्हायचे तर सरकारी परीक्षा द्यावी लागे आणि मजुरांना शिकायला जागा नव्हती. फॉस्टरने १८९१ मध्ये टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली. त्यातून 'इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स' ही प्रचंड संस्था उभी राहिली. हेतू चांगला होता, गरज खरी होती. मासिकांतील तिच्या जाहिरातींच्या तळाशी एक चौकोन असे. त्यात वेगवेगळ्या नोकऱ्यांची नावे. हव्या त्या नावापुढे फुली मारायची, नाव-पत्ता लिहायचा, कापून पाठवायचे. फुली मारणाऱ्याकडे मग माहिती येई आणि तिच्या पाठोपाठ विक्रेता येई.

कुपनामध्ये एक गुण होता, जो माहितीपत्रकात नव्हता. ते मोजता येई. १९२०च्या दशकात जॉन केपल्स या जाहिरात-लेखकाने टपालाने संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी एक जाहिरात लिहिली : बैठकीत एक जण पियानोपाशी बसतो, सगळे हसतात, तो वाजवू लागतो आणि सगळे गप्प होतात. तळाशी अर्थातच कुपन. ही जाहिरात त्या व्यवसायात आजही शिकवली जाते. केपल्सचे खरे काम मात्र पुढचे आहे. एकाच वस्तूच्या दोन वेगळ्या जाहिराती द्यायच्या, प्रत्येकीच्या कुपनावर वेगळा सांकेतिक क्रमांक छापायचा आणि कोणत्या मथळ्याला जास्त कुपने परत आली ते मोजायचे, ही पद्धत त्याने शास्त्रासारखी मांडली. आज प्रवेशपानाचे दोन अवतार करून निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरा दाखवतात, ती हीच पद्धत. फरक एवढाच की कुपने मोजायला महिने लागत. आता तास पुरतात.

लेखक घडवणारी शाळा

साहित्याच्या वाचकांना रस वाटेल असा एक किस्सा ह्या इतिहासात आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे 'फेमस रायटर्स स्कूल' नावाची टपालशाळा भरभराटीला आली होती. तिच्या जाहिरातीत पंधरा नामवंतांची छायाचित्रे असत : 'रँडम हाउस'चे बेनेट सर्फ, दूरचित्रवाणी-लेखक रॉड सर्लिंग, समीक्षक क्लिफ्टन फॅडिमन आणि इतर. त्या यादीत जॉन केपल्सही होता. तुमच्यात लेखक दडला आहे का ते पाहण्यासाठी एक चाचणी मागवा, असे आवाहन असे. चाचणी भरून पाठवली की बहुतेकांना कौल अनुकूलच येई आणि मग घरी विक्रेता येई.

जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंनी ह्या शाळेची चौकशी केली आणि 'अटलांटिक' मासिकाच्या जुलै १९७० च्या अंकात लेख लिहिला. त्यांनी मांडलेले तीन आकडे पुरेसे बोलके आहेत : विद्यार्थी सुमारे ६५,०००, विक्रेते सुमारे ८००, आणि धडे तपासणारे शिक्षक ५५. छायाचित्रातील नामवंत विद्यार्थ्यांचे लेखन तपासत नव्हते. भागाकार केला की कळते, सगळ्यांनी नेटाने धडे पाठवले असते तर शाळा चालूच शकली नसती. विद्यार्थी गळतील, ह्यावरच हिशेब बसवलेला होता. लेखानंतर बराच गदारोळ झाला आणि १९७२ मध्ये शाळेचे दिवाळे निघाले.

हा किस्सा मी भाचीला सांगितला तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "मामा, माझ्या पानावर पण 'तुमची पात्रता तपासा' असं होतं. मी पात्र निघाले."

कुपनाचे पान होते कसे

आता आजचे पान उघडून त्याचे सांधे पाहू.

ह्या व्यवसायात नाव आणि फोन नंबर देणाऱ्या माणसाला 'लीड' म्हणतात. पानाचे यश किती लीड मिळाल्या यावर मोजले जाते. हे एकदा ठरले की बाकीची रचना आपोआप ठरते. रकाने कमी ठेवायचे, कारण प्रत्येक वाढीव रकान्याला काही वाचक गळतात. फी लिहायची नाही, कारण आकडा पाहून माणूस परत जातो. तोच आकडा फोनवर, दहा मिनिटे स्वप्नांविषयी बोलून झाल्यावर सांगितला तर कमी बोचतो. लिहायचीच झाली तर एकूण रक्कम न लिहिता महिन्याचा हप्ता लिहायचा. माहितीपत्रक कुलुपात ठेवायचे, किल्ली म्हणून फोन नंबर मागायचा. पानावरून दुसरीकडे जाणारे दुवे काढून टाकायचे, म्हणजे वाचकाला पुढे जाण्याची किंवा पान बंद करण्याची एवढीच वाट राहते.

ह्यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. कुणा दुष्टाने बसून आखलेलीही नसते. दोन अवतारांपैकी ज्याला जास्त फॉर्म आले तो ठेवायचा, दुसरा टाकायचा, असे शंभर वेळा केले की पान आपोआप ह्या आकाराला येते. मोजले जाते ते वाढते. परीक्षेला किती बसले आणि पदवी किती जणांनी घेतली हे आकडे त्या मापात नसतात, कारण ते कळायला दोन-तीन वर्षे लागतात आणि ते दुसऱ्या खात्याकडे असतात.

फोनच्या पलीकडे काय चालते याचे सर्वांत तपशीलवार दस्तऐवज अमेरिकेत आहेत. तिथल्या सिनेटच्या शिक्षणविषयक समितीने, टॉम हार्किन अध्यक्ष असताना, नफ्यासाठी चालणाऱ्या ३० शिक्षणकंपन्यांची चौकशी करून जुलै २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ह्या कंपन्यांचे बरेचसे शिक्षण ऑनलाइन होते. २००९ च्या हिशेबानुसार त्यांनी उत्पन्नाचे २२.७ टक्के जाहिरात आणि विद्यार्थीभरतीवर खर्च केले होते, तर शिकवण्यावर १७.२ टक्के. २०१० मध्ये त्यांच्याकडे ३५,२०२ भरती कर्मचारी होते. नोकरी मिळवून देण्यासाठी मदत करणारे होते ३,५१२. आणि २००८-०९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी ५४ टक्के विद्यार्थी २०१०च्या मध्यापर्यंत पदवी न घेताच बाहेर पडले होते. वेस्टपोर्टच्या टपालशाळेचा भागाकार इथे पुन्हा भेटतो.

त्याच चौकशीत एका कंपनीचा प्रशिक्षणाचा कागद सापडला. त्याचे नाव मराठीत 'वेदनेचे नरसाळे' असे करता येईल. फोनवरच्या माणसाला आधी साधे प्रश्न विचारायचे, मग त्याच्या नोकरीतील अपमानाकडे, घरच्या ओढाताणीकडे, फुकट गेलेल्या वर्षांकडे हळूहळू उतरायचे आणि तो पुरता हळवा झाला की प्रवेशाचा विषय काढायचा. पानावरचे पाच रकाने म्हणजे ह्या नरसाळ्याचे वरचे तोंड.

बोधचिन्हांच्या रांगेचीही कथा आहे. 'युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्स'च्या २०१२ ते २०१४ मधील जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. मायक्रोसॉफ्ट, ट्विटर, एटीअँडटी अशा कंपन्यांशी आपले खास संबंध असून त्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी नोकऱ्या देतात, असा खोटा समज त्या जाहिरातींनी करून दिला, असे आयोगाचे म्हणणे होते. विद्यापीठाने आरोप मान्य केले नाहीत. पण डिसेंबर २०१९ मध्ये १९ कोटी १० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यात ५ कोटी रोख आणि १४ कोटी १० लाख डॉलरची विद्यार्थ्यांकडील येणी माफ. बोधचिन्ह हे वाक्य नसते, त्यामुळे ते खोटे ठरवणे कठीण असते. पण वाचणारा त्याचे वाक्य करूनच वाचतो.

पैसे कोणत्या दिवशी मिळतात

चांगल्या, नामांकित विद्यापीठांची पानेही अशीच का होतात? उत्तर त्यांच्या करारांत सापडते.

अमेरिकेने १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, सरकारी शिक्षणकर्जाचा लाभ घेणाऱ्या संस्थांना भरती कर्मचाऱ्यांना डोईमागे दलाली देण्यास बंदी घातली. २०११ मध्ये शिक्षण खात्याने त्या नियमाचा अर्थ लावताना एक फट ठेवली. एखादी बाहेरची कंपनी भरतीबरोबर तंत्रज्ञान, अभ्यासक्रमाची मांडणी अशा इतर सेवाही एकत्र देत असेल, तर तिला फीतला वाटा देता येईल. त्या फटीतून एक मोठा उद्योग वाढला. पान कंपनी बनवणार, जाहिरात कंपनी करणार, फोन कंपनीचे लोक विद्यापीठाच्या नावाने करणार आणि फीतला निम्मा किंवा त्याहून अधिक भाग कंपनी घेणार. त्यातली आघाडीची '२यू' ही कंपनी. तिच्यामार्फत चालणाऱ्या, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या समाजकार्यातील ऑनलाइन पदव्युत्तर पदवीचा खर्च १,१५,००० डॉलरपर्यंत गेल्याचे वृत्त २०२१ मध्ये गाजले. पदवीनंतर मिळणारे पगार त्या कर्जापुढे तोकडे होते. जुलै २०२४ मध्ये ह्या कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात जावे लागले.

म्हणून पानाची पारख करताना मी आता एकच प्रश्न विचारतो. हे पान बनवणाऱ्याला पैसे कोणत्या दिवशी मिळतात? विद्यार्थी दाखल झाला त्या दिवशी मिळत असतील तर पान दाखल करून घेणारेच होणार. विद्यार्थी टिकला, पुढच्या वर्षात गेला, पदवी घेऊन बाहेर पडला, ह्यावर काही अवलंबून असेल तर पान आपोआप बोलके होईल, कारण चुकीचा विद्यार्थी आत येणे मग त्यालाही परवडणार नाही.

समुपदेशक कोण?

भाचीला फोन करणाऱ्याने स्वतःची ओळख 'तुमचा कौन्सेलर' अशी करून दिली होती. ह्या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे.

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. कुठलीही पूर्वपरीक्षा, कुठलेही किमान गुण लागत नव्हते. एवढ्या मोकळ्या दारातून येणारा माणूस मध्येच एकटा पडेल, हे ओळखून त्यांनी विषय शिकवणाऱ्या शिक्षकाखेरीज समुपदेशक हे वेगळे पद निर्माण केले. त्याचे काम प्रवेशानंतर सुरू होई : वेळ कसा काढायचा, खचल्यावर काय करायचे, विषय कोणता निवडायचा. आपल्याकडे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले, त्यांनीही हीच परंपरा घेतली. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. तिथे अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्याला 'संमंत्रक' हा खास शब्द रुळला. आमच्या छापखान्यातील दोघे जण रविवारी त्या संमंत्रण सत्रांना जात आणि सोमवारी उशिरा येत. मालक काही बोलत नसत.

तीन-चार दशकांत शब्द तोच राहिला आणि काम दाराच्या आतून बाहेर आले. आधी जो आत आलेल्याला सांभाळत असे, तो आता बाहेरच्याला आत ओढतो. एकदा हप्ता सुरू झाला की त्याचा फोन लागत नाही.

आपले नियम काय म्हणतात

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित विनियम जाहीर केले. त्यानुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुकला, विधी अशा विषयांच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत, पीएच.डी.ही नाही. पदवी फ्रँचायझीने चालवायला द्यायची नाही. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांच्या संदर्भात हे पुन्हा जाहीर बजावले. २०२४ पासून विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळखक्रमांक, म्हणजे डीईबी-आयडी, काढायचा असतो. तो काढताना मान्यताप्राप्त संस्था आणि अभ्यासक्रमच समोर येतात, हा त्याचा मोठा उपयोग.

ह्याच विनियमांनुसार विद्यापीठाने मान्यतेची पत्रे, अभ्यासक्रमाचा तपशील, फी, वर्षवार प्रवेशसंख्या आणि दिलेल्या पदव्या ही माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवायची आहे. म्हणजे भाचीला हवी होती ती बहुतेक माहिती जाहीर करणे बंधनकारकच आहे. अडचण जागेची आहे. ती संकेतस्थळाच्या एखाद्या आडकोपऱ्यात, स्कॅन केलेल्या कागदांच्या रूपात असली तरी नियम पाळला जातो. आणि जाहिरातीतून येणारा विद्यार्थी उतरतो तो केशरी बटणाच्या पानावर. दोन्ही पाने एकाच विद्यापीठाची, पण त्यांची आपसात ओळख नाही.

दुसरा आधार ग्राहक संरक्षणाचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात अशा १३ क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत : खोटी घाई, किंमत थेंबाथेंबाने उघड करणे, नको असलेली कृती करायला लावणे, वारंवार तगादा लावणे, जाहिरात जाहिरात आहे हे लपवणे इत्यादी. ही तत्त्वे मुख्यतः ऑनलाइन खरेदी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली. तरी ती यादी घेऊन एखाद्या प्रवेशपानापुढे बसावे. खुणा करायला पेन्सिल लागेल.

मग पान कसे लावावे?

मी पान जुळवणारा माणूस. टीका करून थांबणे मला जमत नाही. माझ्यापुढे काम आले तर मी मजकूर ह्या क्रमाने लावीन.

पहिल्यांदा मान्यता. विद्यापीठाची नव्हे, ह्या पदवीची आणि ह्या सत्राची. सोबत मान्यतेच्या पत्राचा दुवा आणि डीईबी-आयडी काढण्याची रीत.

दुसरा एकूण खर्च. पदवी हातात पडेपर्यंतचा, परीक्षा शुल्क, फेरपरीक्षा, पदवीदान सगळे धरून एकच आकडा. हप्ते असतील तर ते विद्यापीठ देते की कुणा वित्तसंस्थेचे कर्ज आहे, हे स्वच्छ शब्दांत. 'सोपे हप्ते' आणि 'कर्ज' ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे : हप्ता शिक्षण सोडले की थांबू शकतो, कर्ज थांबत नाही. प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांत किती पैसे परत, तेही इथेच.

तिसरा वेळ. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तासांचे काम धरतात. दोन वर्षांची ८० श्रेयांकांची पदवी घेतली तर २,४०० तास झाले. १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सुमारे २३ तास, म्हणजे रोज सव्वातीन. 'तुमच्या सवडीने शिका' ह्या वाक्याखाली हा साधा हिशेब छापला तर पतसंस्थेतून सात वाजता घरी येणाऱ्या मुलीला आपली सवड किती ते ठरवता येईल.

चौथी भाषा. व्याख्याने कोणत्या भाषेत, पुस्तके कोणत्या, उत्तरपत्रिका कोणत्या. पान मराठीत आणि अभ्यास इंग्रजीत, असे असेल तर ते पहिल्या पडद्यावर लिहावे. शिवाय पानावरची मराठी ही खरी मजकुराची मराठी असावी. जुन्या डीटीपी फाँटातली पत्रके चित्र करून चढवण्याची आपल्याकडे सवय आहे. तो मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याचे वाचक-यंत्र त्यापुढे मुके होते. आम्ही डीटीपीवाल्यांनीच ती सवय लावली, म्हणून हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

पाचवी परीक्षा : घरून की केंद्रावर, कॅमेरा लागेल का, मध्येच वीज गेली तर काय. सहावे शिक्षक : कोण शिकवते, शंका कुणाला आणि किती दिवसांत उत्तर. सातवा निकाल : मागच्या तुकडीत शंभर जण आले, त्यांपैकी दुसऱ्या वर्षात किती गेले आणि पदवी किती जणांनी घेतली. तिघांच्या अभिप्रायांपेक्षा ही एक ओळ अधिक सांगते.

आणि सगळ्यात शेवटी रकाने. फोन नंबर ऐच्छिक. 'मला फोन करू नका, ईमेल करा' असा पर्याय.

पान तयार झाले की त्याची परीक्षा. दोन अवतारांची स्पर्धा लावण्याआधी पाच माणसे बोलवावीत : एखादी अंगणवाडी सेविका, एसटीचा वाहक, दुकानात काम करणारा मुलगा. त्यांच्या हातात त्यांचाच मोबाइल द्यावा आणि म्हणावे, दोन मिनिटांत एकूण खर्च आणि परीक्षेची भाषा शोधून दाखवा. पाचांपैकी दोघे अडले तरी पान पुन्हा लावायला घ्यावे.

आक्षेप

असे पान लावले तर विद्यार्थी कमी येतील, असा आक्षेप येईल. फॉर्म कमी येतील, हे मी मान्य करतो. पण जे जातील त्यांतले बरेच जण पहिल्या सत्रानंतर जाणारेच होते. फरक एवढाच की ते पैसे भरून जात. अमेरिकेतील जॉर्जिया टेकने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली, तेव्हा संपूर्ण पदवीचा खर्च सुमारे ७,००० डॉलर हीच तिची जाहिरात होती. आकडा लपवण्याऐवजी मथळ्यात होता. पुढे तिथली विद्यार्थीसंख्या दहा हजारांच्या वर गेली. अभ्यासकांना असेही दिसले की ऑनलाइन विद्यार्थ्यांचे सरासरी वय ३४ आणि प्रत्यक्ष वर्गातील विद्यार्थ्यांचे २४. म्हणजे नोकरी-संसारातले, एरवी शिकायला न येणारे लोक आले. अर्थात ती फी मुळातच कमी होती, म्हणून मथळ्यात ठेवता आली. ज्यांना आकडा दाखवायची लाज वाटते, त्यांनी पानाआधी आकड्याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेले नाही, त्यांना पान वाचण्यापेक्षा माणसाशी बोलणे सोपे जाते. फोन त्यांना हवाच असतो. मला हे पटते. माझी बहीण कुठलाही कागद वाचत नाही, विचारते. म्हणूनच फोन करणारा कोण आहे आणि त्याला पैसे कशाचे मिळतात, हे महत्त्वाचे. त्याने पानावर लिहिलेलेच सांगावे आणि पान आधीच सगळे सांगत असावे, म्हणजे फोनवर वेगळे काही सांगायला जागा उरत नाही.

भाचीचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. 'सोपे हप्ते' हे तिच्या नावावरचे दोन वर्षांचे कर्ज निघाले. पुस्तके आणि व्याख्याने सगळी इंग्रजीत होती. परीक्षा शुल्क वेगळे होते. पहिले सत्र तिने कसेबसे दिले, दुसऱ्यात सोडले. कर्जाचे हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला पगारातून जातच राहिले. ती हुशार आहे; मंद असल्यामुळे फसली असे नाही. तिने विचारलेला पहिलाच प्रश्न बरोबर होता, फी किती. त्याचे उत्तर न देता पानाने तिचा नंबर मागितला, तिथे तिने पान बंद करायला हवे होते आणि तिथे मीही तिला थांबवायला हवे होते.

शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. तिला अजून शिकायचे आहे. वर लिहिलेले सात मुद्दे मी तिला एका कागदावर जुळवून छापून दिले आहेत, जुन्या माहितीपत्रकाच्या आकारात. ते तिने पतसंस्थेतील टेबलाच्या काचेखाली ठेवले आहेत. कर्ज मागायला येणाऱ्या सभासदांपैकी कुणी मुलाच्या ऑनलाइन प्रवेशासाठी आला असेल तर ती आधी तो कागद पुढे सरकवते आणि मग अर्ज देते.